ओटीपी घाडीसाहेबांकडे येतो

९ जुलै, मंगळवार

पाणी जायच्या आत पिंप भरलं, पिंपावर फळी ठेवली, फळीवर कळशी. मेथी निवडून झाली होती. कणीक मळत होते तेवढ्यात वसंत बनियनवरच आत आला आणि म्हणाला, "इथे सही कर." मी म्हटलं, हात पिठाचे आहेत. तर म्हणाला, "पेनाला काय कळतंय?" केली सही. कागद कसला ते विचारलं नाही. मग त्याने डब्याचं झाकण उघडून बघितलं, "मेथीच ना?" म्हणाला, चपला घातल्या आणि कामावर गेला.

एवढंच. त्या दिवशी काहीही झालं नव्हतं. तो कायमचा गेला त्या दिवसाची सकाळ मला धड आठवत नाही आणि ही कुठली तरी बिनमहत्त्वाची सकाळ मेथीच्या काड्यांसकट आठवते. (जिवंतपणी नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. वहीत सरळ घेते. कोण बघतंय?)

आज आठवली कारण हेरंबसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, एक कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "पेडणेकरबाई, इथे सही करा."

केली. मग बाहेर येऊन वाचला.

आमच्या विद्यापीठात प्राध्यापकांना संशोधनासाठी दिल्लीहून पैसे मागायचे असले की प्रस्ताव लिहायचा, तो मुख्य इमारतीतल्या संशोधन कक्षात पाठवायचा, आणि तिथे घाडीसाहेब तो तपासून दिल्लीच्या पोर्टलवर चढवायचे. सगळ्या विद्यापीठात ते बटण दाबायचा अधिकार एका घाडीसाहेबांना. आता तो अधिकार विभागांना दिलाय. प्रत्येक विभागात एक माणूस. प्राणिशास्त्र विभागाचा माणूस मी.

परत आत जाऊन म्हटलं, "सर, मी क्लार्क आहे. तेही अनुकंपावर लागलेली. प्राध्यापकांपैकी कोणी..."

"प्राध्यापकांनी लिहायचं असतं."

"मग तुम्ही?"

"मी विभागप्रमुख आहे. चुकलं तर मला कोणाला तरी विचारायला लागेल ना, का चुकलं म्हणून? ते मी तुम्हाला विचारणार."

हे मात्र सरांनी अगदी सरळ सांगितलं.

घरी येऊन वसंतच्या फोटोला सांगितलं आणि विचारलं, करू का. सही तर आधीच झाली होती.

१२ जुलै, शुक्रवार

संगणक कक्षातला अभय येऊन माझं खातं उघडून गेला. पासवर्ड कोणालाही सांगू नका म्हणाला. मी म्हटलं, मला तरी लक्षात राहू दे.

तो गेल्यावर एकटीने उघडून बघितलं. पासवर्ड टाकला तर पोर्टल म्हणतं, मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, तो टाका. माझ्या मोबाइलवर काही नाही. पर्समधून काढून टेबलावर ठेवला, उलटा-सुलटा केला, तरी नाही. तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला.

"वयनी, घाडी बोलतंय. तुमचो नंबर इलो हा माझ्याकडे. लिवन घ्या."

घाडीसाहेब ऑफिसात शुद्ध बोलतात. माझ्याशी मालवणी, कारण वसंत अकाउंट्समध्ये होता तेव्हापासूनची ओळख. मी नंबर लिहून घेतला, टाकला, पोर्टल उघडलं.

म्हणजे अधिकार माझा आणि ओटीपी त्यांच्याकडे. अभयला विचारलं तर म्हणाला, जुना नंबर निघायला वेळ लागतो, होईल हळूहळू. कॉम्प्युटरवाल्यांचं सगळं हळूहळूच.

मला वाटतं घाडीसाहेब माझ्यावर नजर ठेवून आहेत. त्यांचा अधिकार गेला, आता माझी चूक कधी होते बघत असतील. सावध राहायला हवं.

२२ जुलै, सोमवार

ही सगळी उलथापालथ का झाली ते लिहून ठेवते.

गेल्या वर्षी प्रस्तावांची शेवटची तारीख गणपतीत आली. दिल्लीवाल्यांना गौरी-गणपती म्हणजे काय, पत्ता नाही. आणि आपल्याकडे गणपतीत परळ-लालबागचा निम्मा माणूस कोकणात. घाडीसाहेबही कुडाळला गेले, मोबाइल खिशात घालून. इथल्या त्यांच्या मदतनिसाने बारा प्रस्ताव तयार ठेवले, पण ओटीपी कुडाळला जात होता, आणि साहेबांच्या घरात रेंज नाही. साहेब टेंबावर, म्हणजे गावच्या टेकाडावर, देवळाकडे जाऊन उभे राहिले. नंबर आले, ते वेळ संपल्यावर. बाराच्या बारा बुडाले.

त्यात एक आमच्या सुमेधा मॅडमचा. मॅडम डासांवर काम करतात. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, टॉवरखाली दोन-दोन मजले पार्किंग, तिथे साचलेलं पाणी आणि त्यात होणारे डास. हे डास सूर्य बघतच नाहीत, म्हणून त्यांच्या सवयी बदलतायत, असं मॅडमचं म्हणणं. गिरण्या गेल्या, माणसं गेली, डास राहिले. त्यांच्यासाठी आमच्याकडे एक जाळीची खोली आहे, आमचा शिपाई दगडू रोज त्यांना साखरेच्या पाण्याचे बोळे ठेवतो. त्याला विचारलं की कसे आहेत, तर म्हणतो, "खाऊन-पिऊन मजेत."

मॅडमची नोकरी कायम नाही. या वर्षीही पैसे आले नाहीत तर डासांची खोली जाणार आणि मॅडम बंगळुरूला जाणार, तिकडून बोलावणं आलंय. मला ताई म्हणतात. स्वतःची पुस्तकं आणून देतात आणि परत देताना कसं वाटलं ते खरंच विचारतात. मी बारावी नापास, वाचायला शिकले ते वाचनालयातून आणलेलं वाचून वाचून. दुसरं कोण मला विचारतं कसं वाटलं?

रात्री मनवा प्रभादेवीहून येऊन गेली. फ्रीज पाणी सोडतो, नवीन घे म्हणून दिवाळीपासून मागे लागलीये. मी म्हटलं, बघू. तर लेक म्हणते, "बाबांकडे फाइल ठेवलीस ना? अजून शेरा आला नाही?" आणि जावई तोंड फिरवून हसला.

मी नुसतं विचारते. उत्तर मला माहीत असतं.

६ ऑगस्ट, मंगळवार

आज कँटीनमध्ये बघितलं ते लिहिलंच पाहिजे.

खिडकीजवळच्या टेबलावर घाडीसाहेब. त्यांच्या समोर रसायनशास्त्राच्या बाई, भूगोलाचे पुष्कर, आणखी तीन विभागांतले माझ्यासारखे बटणवाले. प्रत्येकाच्या हातात प्रस्तावाची प्रिंट. साहेब चष्मा कपाळावर नेऊन एकेकाचं बघतायत.

"मार्जिन बघ. दिल्लीला डावीकडे जास्त लागतं."

"साहेब, आमच्या आदेशात तर लिहिलंय विभागाने स्वतःच..."

"अरे, स्वतःच कर ना. मी कुठे नाही म्हणतो? मी फक्त बघतोय."

म्हणजे वर्षभर बैठका घेऊन अधिकार वरून काढला, सगळ्या विभागांत वाटला, आणि तो सगळा गोळा होऊन कँटीनच्या टेबलावर परत घाडीसाहेबांसमोर. फक्त आता चहाबरोबर.

मला बघून त्यांनी खुर्ची ओढली. "वयनी, बसा. तुमचा काय?"

काही नव्हतं. तरी पंधरा मिनिटं बसले. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. आमच्या ऑफिसात आपण लिहिलेल्या कागदावर वरच्या कोणाची तरी छोटी सही झाल्याशिवाय तो कागद पुरा वाटत नाही. केस विंचरून आरशात न बघता निघाल्यासारखं होतं.

परत येताना दगडू म्हणाला, "बाई, एक गंमत सांगू? घाडीसाहेब आधी कधी कँटीनला यायचे नाहीत. डबा खोलीत, दार लावून. आता बघा, सकाळी पहिले तेच."

"हवापालट," मी म्हटलं.

८ ऑगस्ट, गुरुवार

ओटीपीसाठी दोनदा फोन. दुसऱ्या वेळी नंबर सांगून झाल्यावर विचारतात, "जेवलात?" मी म्हटलं, हो. "काय होता?" मी म्हटलं, साहेब, पोर्टल बंद पडेल.

ठेवला.

१९ ऑगस्ट, सोमवार

तारीख आली. ११ सप्टेंबर, संध्याकाळी पाच. गौरीपूजनाचा दिवस!

सुमेधा मॅडम तारीख बघून खुर्चीतच बसल्या. "ताई, हे लोक पंचांग बघून ठरवतात का?"

मी म्हटलं, घाबरू नका. या वर्षी मी आहे, आणि मी कुठे जात नाही.

संध्याकाळी कणकवलीहून धाकट्या दिराचा फोन. "वहिनी, तीन गणपती झाले तुम्ही आला नाहीत. यंदा यायचंच. करंज्या तुमच्यासारख्या कोणाला जमत नाहीत." मी सांगितलं, ऑफिसचं मोठं काम आहे, मला सोडून कोणाला करता येणार नाही. खोटं नव्हतंच ते. दीर म्हणाला, गेल्या वर्षी पण काम होतं का? मी म्हटलं, गेल्या वर्षी पाय दुखत होता.

मग बराच वेळ बसून होते. त्या घरात वसंत आरतीला झांजा वाजवायचा. ताल चुकायचा आणि सगळे त्याच्याकडे बघायचे. आता कोणी तरी बरोबर वाजवत असेल.

२८ ऑगस्ट, बुधवार

घाडीसाहेब ५ तारखेच्या एसटीने कुडाळला जाणार. मला हे आज कळलं, तेही त्यांनीच मोठ्या उत्साहाने सांगितलं म्हणून. "काळजी नको वयनी. दिवसभर टेंबावर बसतलंय. देवळाकडे रेंज येता."

तडक संगणक कक्षात गेले.

"अभय, माझा नंबर कधी लागणार?"

"मावशी, मी आजही लावतो. पण जुना नंबर ज्याच्या नावावर, त्याने सोडतो म्हणून सांगावं लागतं. मी घाडीसाहेबांना जुलैपासून विचारतोय. म्हणतात, थांब रे, घाई काय आहे?"

"कोणाचाच नंबर बदलला नाही?"

"कोणाचाच नाही. अख्ख्या विद्यापीठाचा ओटीपी त्यांच्याच खिशात."

मला हे समजेना. रोज सतरा विभागांना फोन करून नंबर सांगायला वेळ आहे आणि अभयला एक फोन करायला नाही? कामाच्या रगाड्यात राहून गेलं असेल म्हणावं, तर त्यांना रगाडा कसला उरलाय?

मॅडमना हे सांगितलं नाही. त्या अजून प्रस्ताव लिहितायत. आज तिसऱ्यांदा नाव बदललं.

३ सप्टेंबर, मंगळवार

आज गेलेच संशोधन कक्षात.

दाराबाहेर बाकडं आहे, ज्यावर पूर्वी प्राध्यापक फायली मांडीवर घेऊन रांगेने बसायचे. मीही एकदा वसंतचा डबा द्यायला आले होते तेव्हा बघितलं होतं, डॉक्टर डॉक्टर लोक कसे लग्नातल्या पंगतीसारखे वाट बघत होते. आज बाकड्यावर मांजर होतं.

साहेब आत एकटे. टेबल पुसून लख्ख. मला बघून उठून उभे राहिले. चहा मागवला. गावाला काय काय नेतायत ते सांगायला लागले. बायको-मुलं तिकडेच, इथे लालबागला गावकीच्या खोलीत ते गेली तीस वर्षं वळकटी टाकून राहतात, त्या खोलीतलेही आता बरेच जण सोडून गेले, वगैरे.

मी म्हटलं, "साहेब, नंबर बदलून द्या."

"देऊया की. गणपती होऊ देत."

"गणपतीतच तर तारीख आहे."

"म्हणून तर सांगतंय, मी टेंबावर..."

"गेल्या वर्षीही टेंबावरच होतात ना?"

तोंडातून निघून गेलं. साहेबांनी बशी खाली ठेवली. बशीतला चहा तसाच.

मग हळू म्हणाले, "घरात आरती चालू होती. मी वर. अंधार पडत इलो. बारा जण शिव्या घालत हुते, एकामागून एक. कुलगुरूंच्या पीएचा पण फोन." बशी परत उचलली. "पण वयनी, बाराच्या बारा जणांचे फोन इले हुते. माझो मुलगो खालून बघी होतो. म्हणालो, बाबा, केवढे फोन येतत तुमका."

शिव्या खाल्लेल्या माणसाने ही गोष्ट अशी का सांगावी, जसं काही कोणी शाल-श्रीफळ दिलं होतं? मला कळलं नाही. पण राग ओसरला.

तरी म्हटलं, "साहेब, सुमेधा मॅडमचं यावर्षी गेलं तर त्या जातील. खोली जाईल, दगडू कुठे जाईल? तुम्ही टेंबावर, मी इथे, मध्ये रेंज. मला नाही झेपणार. लावा अभयला फोन."

त्यांनी फोन काढला. बोटाने काच पुसली. "तुमच्या एकटीचो करूया. बाकीच्यांचो राहू दे तूर्त."

"सगळ्यांचे."

"सगळ्यांचे?"

"बाकीच्यांनी काय पाप केलंय? त्यांच्याकडे डास नाहीत म्हणून त्यांना बुडवायचं?"

यावर हसले. मग अभयला सांगितलं, शुद्ध मराठीत, साहेबाच्या आवाजात: "सर्व विभागांचे क्रमांक आजच बदलावेत." फोन ठेवला, टेबलावर, पालथा.

"मगे वयनी, ह्यो फोन आता खिशात कित्याक ठेवू?"

मी म्हटलं, "वेळ बघायला."

ते परत हसले, पण यावेळी जरा उशिराने. मी उठले.

वसंत गेल्यावर त्याच्या मोबाइलवर अकाउंट्सच्या लोकांचे फोन यायचे, अमुक व्हाउचर कुठे, तमुक फाइल कुठे. मी उचलायचे. ते नाहीत, हे सांगणं जिवावर यायचं. मग सगळ्यांना कळलं आणि फोन यायचे बंद झाले. ते त्याहून जिवावर आलं. हे आज इथे का लिहितेय कोण जाणे. मूळ मुद्दा हा की नंबर बदलला. संध्याकाळी खातं उघडून बघितलं तर माझा मोबाइल टुण्णकन वाजला आणि मी दचकले.

५ सप्टेंबर, गुरुवार

साहेब गेले. जाताना विभागात डोकावले. "मार्जिन बघा," एवढंच म्हणाले.

दिवसभर ऑफिसचा फोन वाजला नाही. एकदा उचलून बघितला, चालू आहे का म्हणून.

९ सप्टेंबर, सोमवार

विद्यापीठाला गणपतीची सुट्टी. आम्ही तिघंच येतोय, मॅडम, मी आणि दगडू. डासांना सुट्टी नसते.

घरातून निघणं म्हणजे शिक्षा. लालबागच्या गणपतीच्या दर्शनाची रांग आमच्या बिल्डिंगखालून जाते. मी जिन्यातून उतरून फुटपाथवर पाय ठेवला की दहा जण ओरडतात, "ओ काकी, मध्ये घुसू नका!" मी म्हणते, अहो मी बाहेर पडतेय. तर एक म्हणाला, "सगळे असंच म्हणतात."

मॅडम अजून लिहितायत. मी म्हटलं, आजच पाठवू, दोन दिवस आधी. माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी लग्नाआधीच बारसं करा म्हटलं.

११ सप्टेंबर, बुधवार

सगळं नीट लिहिते, एकही गोष्ट सोडत नाही.

दुपारी जेवण झाल्यावर मॅडमनी प्रस्ताव माझ्याकडे दिला. चाळीसेक पानं, इंग्रजीत. मी पोर्टल उघडलं, फाइल चढवली. शेवटी एक चौकोन येतो, त्यात खूण केल्याशिवाय बटण उघडत नाही. शेजारी लिहिलंय की मी हा प्रस्ताव पूर्ण वाचला आहे.

मी हात मागे घेतला.

"काय झालं ताई?"

"मी वाचलेला नाही."

"अहो, ते सगळे नुसतीच खूण करतात!"

"करत असतील."

"घाडीसाहेब बारा-बारा एका दिवसात पाठवायचे. त्यांनी काय वाचले असतील?"

"ते त्यांचं. हे माझ्या नावाने जातंय."

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग छताकडे. "ताई, आज? आत्ता?"

मी चष्मा पुसला आणि पहिलं पान काढलं.

मराठी मी धावत वाचते, इंग्रजी चालत. मॅडम आधी शेजारी बसल्या, मग उभ्या राहिल्या, मग खोलीत येरझाऱ्या. अडलेला शब्द विचारला की उत्तर इतक्या भराभर देत की तेच परत विचारावं लागे. दगडू चहा ठेवून गेला. परत आला, कप बघितला, म्हणाला, "बाई, कुठल्या पानावर?" मी सांगितलं. बाहेर जाऊन मॅडमना म्हणाला, "अर्ध्याच्या पुढे गेल्या." आजारी माणसाचा ताप सांगावा तसा. लांबून कुठून तरी ढोल ऐकू येत होते.

आकड्यांची पानं मला कळली नाहीत, तसं सांगितलं. पण मधे एक भाग आहे, पार्किंगच्या तळघरातल्या एका पाण्याच्या डबक्याचा. वर गाड्यांचे दिवे येतात-जातात, तेवढाच त्या डासांचा दिवस. रात्रपाळीचा वॉचमन खुर्ची टाकून बसतो, त्याच्या पायांवर ते जगतात. आणि तो वॉचमन कोणाचा तर ज्या गिरणीच्या जागेवर टॉवर आहे त्याच गिरणीच्या कामगाराचा मुलगा. मॅडमनी हे आकड्यांच्या मधे दोन ओळींत लिहिलंय, काही रंगवलं नाही.

मी म्हटलं, "हे छान लिहिलंय."

येरझाऱ्या थांबल्या. "कुठलं?"

मी बोट ठेवलं. मॅडम जवळ आल्या, ते वाचलं, जणू दुसऱ्याच कोणाचं आहे. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या.

"ताई, खरं सांगू? हा प्रस्ताव दोन वर्षांत कोणीच पूर्ण वाचला नाही. हेरंबसर स्वतःचं नाव बरोबर आहे का बघतात. घाडीसाहेब मार्जिन बघतात."

"मार्जिन चांगलं आहे," मी म्हटलं.

त्यानंतर घाई केली नाही त्यांनी. म्हणजे केली, पण तोंडाने नाही, नुसता पाय हलत होता.

शेवटचं पान झालं तेव्हा पाच वाजायला फार अवकाश नव्हता. खूण केली. बटण उघडलं. दाबलं. पोर्टल म्हणालं, ओटीपी पाठवला आहे.

मोबाइल टेबलावर, आम्ही तिघं त्याच्याभोवती. काही येईना. मला एकदम आठवलं, सकाळी निघताना वसंतला विचारायचंच राहिलं. आता या गर्दीतून लालबागला घरी जाऊन कोण विचारणार? मॅडमनी डोळे मिटले होते. दगडू मोबाइलला हळूच म्हणाला, "ये रे बाबा."

आला. मी एकेक आकडा टाकला, दोनदा पडताळून. हिरवी खूण उमटली आणि खाली लिहून आलं, प्रस्ताव प्राप्त झाला.

मॅडम माझ्या गळ्यात पडल्या. दगडू डासांना सांगायला गेला. निकाल मार्चमध्ये लागेल, पैसे येतील न येतील, तो दिल्लीचा भाग. आमच्याकडून बुडाला नाही.

मग मी एक मूर्खपणा केला. पोचपावतीची प्रिंट काढली आणि सरळ मुख्य इमारतीत गेले. जिना चढले, बाकड्यावरून वळले, दाराला हात लावला, तर कुलूप. प्रिंट हातात. मी काय करायला आले होते? कोपऱ्यात एक छोटी सही घ्यायला. कोणाची? एकटीच हसले. मांजर उठून निघून गेलं.

मग पर्समधून पेन काढलं, बाकड्यावर बसले आणि त्या कोपऱ्यात माझीच छोटी सही केली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

पाठ धरली होती म्हणून काल लिहिलं नाही. मॅडमनी बंगळुरूला कळवलं, मार्चपर्यंत थांबते. दगडूला विचारलं, आता डास कसे आहेत. "मार्चपर्यंत मजेत," म्हणाला.

काल सकाळी दिवा लावला, चहा घेतला आणि घाडीसाहेबांना फोन केला. आधी लागला नाही. परत लावला, तोही नाही. तिसऱ्यांदा लागला. मागे वारा ऐकू येत होता.

"वयनी? अडला काय? नंबर नाय बदललो?"

"बदलला. बुधवारी गेला प्रस्ताव, वेळेत."

"मगे?"

"काही नाही. जेवलात का?"

मग म्हणाले, अजून नाही, आज विसर्जन, उशीर होईल. मी विचारलं, काय काय केलंय? त्यांनी सांगायला सुरुवात केली. मी खुर्ची खिडकीजवळ घेतली आणि सगळं ऐकलं.